अडीनडीची वीज : पडून राहूनही दगा न देणाऱ्या बॅटऱ्या कशा निवडाव्यात

आणीबाणीसाठी घेतलेली बॅटरी चार तास काम करते आणि त्याआधी चार वर्षं नुसती पडून असते. खरेदी करताना मात्र आपलं सगळं लक्ष त्या चार तासांवर: किती एमएएच (मिलिॲम्पिअर-तास), किती वॅट, उजेड किती लख्ख. पडून राहिलेल्या चार वर्षांत तिचं काय होणार, हे कुणी दुकानदाराला विचारत नाही. तोही आपणहून सांगत नाही.

मला हे उशिरा कळलं. एका रात्री लाइट गेली, कपाटातल्या टॉर्चचं बटण दाबलं, काहीच नाही. मागचं झाकण फिरवायला गेलो तर ते जागचं हलेना. पकडीने फिरवलं तेव्हा आतून पांढरी पूड सांडली. स्प्रिंग हिरवी पडून झिजली होती आणि दोन्ही सेल नळीला असे चिकटले होते की ठोकूनही निघेनात. टॉर्च चांगला होता, सेलही चांगल्यातले होते. ते आत घालून तीन वर्षं विसरून गेलेला माणूस मीच. त्यानंतर बॅटरी निवडताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: ही पडून कशी राहते? पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे.

पहिलं काम कागदावरचं

दुकानात किंवा ऑनलाइन जायच्या आधी एका कागदावर लिहून काढा: वीज गेली तर काय चालू राहायलाच हवं, आणि किती तास. इथे वॅट-तास हे एकच माप वापरा. एमएएच विसरा, त्याची गंमत पुढे येईलच. उपकरणाचे वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास. वॅट लिहिलेले नसतील तर व्होल्ट आणि ॲम्पिअरचा गुणाकार करा. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास.

एका साध्या घराचा दोन रात्रींचा हिशेब मांडू. फोनची बॅटरी साधारण ५००० एमएएचची, म्हणजे १९ वॅट-तासांच्या आसपास. चार्ज होताना थोडं वाया जातं, म्हणून २२ धरू. दोन फोन, रोज एकदा, दोन दिवस: ८८. पाच वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास: ६०. दहा वॅटचा वायफाय राउटर रोज आठ तास: १६०. एकूण ३०८. बॅटरीतून बाहेर येताना होणारी घट धरून याला ०.८५ ने भागलं की सुमारे ३६० होतात. वर थोडी शिल्लक धरली तर ४५० वॅट-तासांत काम भागतं.

आता याच यादीत पंखा घाला. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. आठ तास, दोन रात्री म्हणजे १२०० वॅट-तास. एकटा पंखा बाकीच्या सगळ्यांच्या चौपट! बीएलडीसी मोटरचा पंखा हेच काम ३० वॅटच्या आसपास करतो, म्हणजे ४८० मध्ये. अशा वेळी मोठी बॅटरी घेण्यापेक्षा पंखा बदलणं स्वस्त पडतं की नाही, हा हिशेब आधी करून बघावा. मी केला, आणि पंखा बदलला.

ज्या वस्तूत उष्णता तयार होते ती यादीतून सरळ काढून टाका: किटली, इस्त्री, हीटर, गीझर. हजार-दोन हजार वॅटची ही मंडळी लहान बॅटरीवर सुरूसुद्धा होत नाहीत. फ्रिजचंही तसंच थोडं. दार न उघडता ठेवला तर आतली थंडी साधारण चार तास टिकते, आणि गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर दोन दिवसांपर्यंत थंड राहतो. फ्रिजसाठी बॅटरी शोधायच्या आधी दार बंद ठेवायची शिस्त घरात लावून बघा.

घरात कुणी श्वासाच्या यंत्रावर असेल तर मात्र ते यादीत सगळ्यांत वर. सीपॅप यंत्र (झोपेत दाबाने हवा देणारं) त्यातला ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, बंद ठेवल्यास बहुधा ३० ते ६० वॅटमध्ये चालतं, ह्युमिडिफायरचा हीटर सुरू केला की बराच जास्त खातं. तो बंद ठेवून चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. अंधारात विचारायची ती गोष्ट नव्हे.

सेलवरचं पहिलं अक्षर वाचा

पेन्सिल सेल बाहेरून सगळे सारखेच दिसतात. आत चार वेगळे प्राणी असतात आणि त्यांची ओळख बारीक अक्षरांत छापलेल्या खुणेवरून पटते. नुसतं आर६ असेल तर झिंक-कार्बन. एलआर६ म्हणजे अल्कलाइन. एफआर६ म्हणजे एकदाच वापरायचा लिथियम. एचआर६ म्हणजे चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड. बारीक पेन्सिल सेलवर ६ च्या जागी ०३ येतं, टॉर्चच्या जाड्या सेलवर २०. वेष्टनावर 'सुपर', 'हेवी ड्युटी' असं काहीही मोठ्याने लिहिलेलं असो, नजर त्या खुणेवर ठेवायची.

'हेवी ड्युटी' हे तर भलतंच फसवं नाव. तसं लिहिलेले सेल बहुतेक वेळा आर६, म्हणजे सगळ्यांत हलके असतात. त्यांचं बाहेरचं जस्ताचं भांडं हाच आतल्या रासायनिक क्रियेत झिजणारा भाग असतो. वापरता वापरता भांड्यालाच भोक पडतं. भिंतीवरच्या घड्याळाला ठीक, साठवायला अजिबात नको.

अल्कलाइन सेल थंड, कोरड्या जागी ठेवला तर वर्षाला दोन-तीन टक्केच उतरतो. त्याची अडचण उतरण्याची नसून गळण्याची आहे. आतल्या जस्ताची झीज होताना हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढतो, खालचं सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन जी पांढरी पूड बनते, ती माझ्या टॉर्चमध्ये होती. पार उतरलेला सेल सगळ्यांत आधी गळतो. आणि आजकालच्या बऱ्याच टॉर्चमध्ये इलेक्ट्रॉनिक बटण असतं; ते बंद असतानाही थेंब थेंब वीज पीत राहतं. म्हणजे आपण टॉर्च लावला नाही तरी सेल उतरतच असतो.

त्यावर उपाय अगदी साधा: सेल टॉर्चमध्ये ठेवूच नका. मूळ पाकिटातच राहू द्या आणि ते पाकीट रबर लावून टॉर्चला बांधा. अंधारात चाचपडत सेल घालायला नको वाटत असेल तर ज्या टॉर्चला फिरवायचं झाकण आहे, तो झाकण सैल करून ठेवा. सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये प्लास्टिकची एक चकती सरकवली तरी चालतं. गळालेला सेल निघाला तर हातमोजे घालून काढा, डोळे जपा, आणि कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पूड पुसून घ्या. क्षाराला आम्लाचा उतारा. वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका.

विकत घेताना छापलेली मुदत उलटी मोजा. दहा वर्षं टिकेल असं सांगणाऱ्या सेलवर तीन वर्षांनंतरची मुदत असेल, तर तो सात वर्षं कुठेतरी पडून होता. कुठल्या गोदामात, किती उकाड्यात, देव जाणे.

एफआर६ लिथियम हा पडून राहण्याच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे. वीस वर्षांच्या आसपास टिकेल असं कंपन्या सांगतात, वजन अल्कलाइनच्या २३ ग्रॅमपुढे १५ ग्रॅमच, उणे ४० अंशांपासून ६० अंशांपर्यंत काम करतो आणि गळण्याची तक्रार फारच विरळा. दोष दोन. एक तर महाग. दुसरं म्हणजे शेवटपर्यंत त्याचा व्होल्टेज जवळपास सपाट राहतो, त्यामुळे उपकरणावरची बॅटरीची खूण भरलेलीच दिसते आणि मग अचानक सगळं बंद. शिवाय कोरा असताना तो १.८ व्होल्टच्या जवळ असतो. जुन्या काचेच्या बल्बवाल्या टॉर्चमध्ये घालण्याआधी उपकरणाची माहितीपत्रिका बघा. याला चार्जरला लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

चार्ज होणारे निकेल सेल एके काळी साठवायला कुचकामी होते. महिन्याभरात पाव उतरून जायचे. २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले आणि चित्र बदललं. हे सेल वर्षभर पडूनही बहुतेक चार्ज धरून ठेवत. आज अनेक कंपन्या असे सेल बनवतात. पाकिटावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-चार्ज्ड' लिहिलेलं असतं. इथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा: २००० एमएएचचा सेल घ्या, २७०० चा नको. जास्त क्षमता त्याच नळीत कोंबायची तर आतले पडदे पातळ करावे लागतात, आणि असे सेल लवकर उतरतात, लवकर म्हातारे होतात.

'पण हे १.२ व्होल्टचे आहेत, १.५ चे नाहीत' अशी शंका हमखास येते. अल्कलाइन सेलही काम करू लागला की थोड्याच वेळात १.२ वर येतो आणि पुढे घसरतच जातो. निकेल सेल मात्र १.२ वर ठाण मांडून बसतो. मोजकी हट्टी उपकरणं सोडली तर फरक जाणवत नाही. चार्जर तेवढा प्रत्येक सेल स्वतंत्रपणे ओळखणारा घ्या. जोडीजोडीने चार्ज करणारे, घड्याळ लावून बंद होणारे स्वस्त चार्जर चांगल्या सेलची वाट लावतात.

हल्ली पेन्सिल सेलच्या आकाराचे, अंगावरच चार्जिंगचं भोक असलेले १.५ व्होल्टचे लिथियम-आयन सेल मिळतात. दिसायला सोयीचे. पण त्यांच्या पोटात व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट असतं आणि त्याच्या खरखरीने रेडिओचं, विशेषतः मीडियम वेव्हचं, स्टेशन नीट लागत नाही. वादळात बातम्या ऐकायला ठेवलेल्या रेडिओत हे सेल घालणं म्हणजे आपल्याच हाताने कान बंद करणं.

मी काय ठेवतो? रोजच्या वापरात निकेल. कपाटातल्या पेटीत लिथियम एफआर६ ची आठ नगांची दोन पाकिटं. अल्कलाइन फक्त रिमोटला. आणि घरातली टॉर्च, कंदील, रेडिओ शक्य तितकी सगळी एकाच मापाच्या सेलवर चालणारी घेतली आहेत. जाड्या सेलचा एक जुना टॉर्च आहे, त्याला पेन्सिल सेल बसवायचे प्लास्टिकचे खोके मिळतात. उजेड तेवढाच पडतो, वेळ कमी टिकतो.

जुना-नवा सेल एकत्र घालू नका, दोन प्रकारचे तर नाहीच. दुबळा सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून उलटी वीज ढकलतात आणि तो गळतो.

सेल जिवंत आहे का?

सेल टेबलावर दोन-तीन सेंटिमीटरवरून उभा सोडायचा. उसळला तर मेला, असं सांगतात. अर्धं खरं आहे. अल्कलाइन सेलच्या आतली जस्ताची ओली लगदी वापराबरोबर कडक होत जाते, म्हणून तो उसळतो. पण प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मोजून पाहिलं तेव्हा असं दिसलं की निम्माअर्धा उरलेला सेलही पुरेपूर उसळतो. म्हणजे या चाचणीने तो कोरा आहे की नाही एवढंच कळतं. निकेल आणि लिथियमला तर ती लागूच नाही.

साधा मल्टिमीटर घ्या. अल्कलाइन १.५ व्होल्टच्या वर असेल तर पेटीत राहू दे. १.३ च्या आसपास असेल तर घड्याळात घाला. १.१ च्या खाली गेला की बाहेर.

पॉवर बँक : आकडा वाचा आणि वजन करा

वरचा २०००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा असतो. गुणाकार करून हजाराने भागा: ७४ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्ट करताना काही वाया जातं, हाती ६० ते ६३ वॅट-तास येतात. म्हणजे आपल्या २२ वॅट-तासांच्या हिशेबाने फोन पावणेतीन वेळा भरेल, तोही जेमतेम. 'चार वेळा, पाच वेळा' ही वेष्टनावरची भाषा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' म्हणून दुसरा, लहान आकडा असतो. तो १२००० च्या पुढेमागे असेल तर कंपनी प्रामाणिक आहे असं मी समजतो. तो आकडा छापलेलाच नसेल तर वस्तू परत ठेवतो.

खोटं पकडायला सर्वांत सोपं हत्यार म्हणजे वजनकाटा. चांगल्यातला लिथियम-आयन सेलही किलोमागे सुमारे २५० वॅट-तास साठवतो. ७४ वॅट-तासांना नुसते सेलच ३०० ग्रॅमच्या आसपास हवेत, वर डबी आणि सर्किट. '२०००० एमएएच' म्हणवणारी बँक दोनशे ग्रॅमची भरली तर उरलेली क्षमता फक्त छपाईत आहे. सुट्या १८६५० सेलचंही असंच: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब अशा त्या नळीत चांगल्या कंपन्या ३५०० एमएएचच्या आसपास बसवतात, आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं तर दुकानदाराला नमस्कार करून निघावं.

विमानाने न्यायची असेल तर १०० वॅट-तासांची मर्यादा लक्षात घ्या; त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. आणि ती हातातल्याच बॅगेत, सामानाच्या डब्यात कधीच नाही.

आणखी एक खोड: बऱ्याच पॉवर बँका फार कमी वीज ओढणारं उपकरण लावलं की 'काही लावलेलंच नाही' असं समजून आपोआप बंद होतात. छोटा यूएसबी दिवा लावून झोपलात आणि दहा मिनिटांत अंधार झाला, तर दिव्याला दोष देऊ नका. कमी करंटचा मोड आहे का ते घ्यायच्या आधी बघा, किंवा तो दिवा घरी लावून खात्री करून घ्या.

आता पडून राहण्याचं. लिथियम-आयनला दोन गोष्टी मारतात: उष्णता आणि पूर्ण भरलेलं पोट. २५ अंशांवर ४० टक्के चार्ज ठेवून वर्षभर ठेवलेला सेल आपली ९६ टक्क्यांच्या आसपास क्षमता राखतो. पूर्ण भरून ठेवला तर ८० च. तापमान ४० अंश झालं तर हेच आकडे ८५ आणि ६५. उन्हात उभ्या गाडीतली पॉवर बँक म्हणजे वर्षात तिसरा हिस्सा गमावलेली पॉवर बँक, आणि आगीचा धोका वेगळाच.

इथे पेच असा की आणीबाणीला ती भरलेली हवी आणि आयुष्य वाढवायला अर्धी. मी यातून काढलेली वाट अशी: दोन सारख्या बँका. एक रोजच्या वापरात, दुसरी कपाटात ६०-७० टक्क्यांवर. दर महिन्याला अदलाबदल. वादळाचा, मोठ्या पावसाचा इशारा आला की दोन्ही काठोकाठ. एकच बँक घेऊन ती 'फक्त इमर्जन्सीला' म्हणून जपून ठेवणं हा सगळ्यांत वाईट पर्याय, कारण ती बिघडली हे कळायची वेळही इमर्जन्सीचीच असते.

मोठी वीज : पॉवर स्टेशन आणि इन्व्हर्टर

तुमचा कागदावरचा हिशेब तीनशे-चारशेच्या वर गेला असेल तरच इथे या.

पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच खोक्यात, घेताना रसायन कोणतं ते आधी बघा. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे पत्रकात एलएफपी, हेच घ्या. किंचित जड, पण दोन-तीन हजार वेळा भरून-उतरून चालतं; साध्या लिथियम-आयनचे बहुतेक प्रकार पाचशेच्या आसपास थकतात. भडका उडायला लागणारं तापमानही एलएफपीचं बरंच वर असतं.

मग दोन आकडे वेगळे ठेवा. वॅट-तास म्हणजे टाकीत पाणी किती, वॅट म्हणजे नळ किती मोठा. पाचशे वॅट-तासांच्या स्टेशनचा इन्व्हर्टर तीनशे वॅटचा असेल तर चारशे वॅटचा मिक्सर त्यावर फिरणार नाही, टाकी कितीही भरलेली असो. मोटर असलेल्या वस्तू सुरू होताना क्षणभर कित्येक पट ओढतात, तेव्हा 'सर्ज' चा आकडाही पाहावा. आणि वेव्ह, म्हणजे बाहेर येणाऱ्या विजेच्या लहरीचा आकार, 'प्युअर साइन'च हवी. दुसऱ्या प्रकारात पंखे घूं-घूं करतात, काही चार्जर तापतात.

पत्रकात क्वचितच ठळक छापलेली एक गोष्ट अशी की एसीचं, म्हणजे घरच्यासारख्या प्लगच्या सॉकेटचं, बटण चालू ठेवलं तर काही न लावताही इन्व्हर्टर वीज खातो. दहा वॅट म्हणा. दिवसाचे २४० वॅट-तास! पाचशेच्या स्टेशनचा निम्मा साठा नुसत्या हिरव्या दिव्यापायी गेला. म्हणून राउटर, दिवे, फोन शक्यतो त्याच्या १२ व्होल्ट आणि यूएसबीच्या भोकांतूनच चालवा. राउटरच्या अडॅप्टरवर '१२ व्होल्ट' लिहिलेलं असेल तर त्याच मापाच्या पिनेची डीसी वायर मिळते. बारीक खर्च, मोठी बचत. नुसता राउटरच चालवायचा असेल तर त्यासाठीचा छोटा डीसी यूपीएस पुरतो.

सोलर पॅनेल जोडायचं असेल तर १०० वॅटच्या पॅनेलकडून चांगल्या उन्हात साठ-पंच्याहत्तर वॅटची अपेक्षा ठेवा. पॅनेलचा 'ओपन सर्किट व्होल्टेज' (काही न जोडता असणारा) स्टेशनच्या मर्यादेच्या खाली, तोही थोडी जागा सोडून, असला पाहिजे. थंडीत हा व्होल्टेज वाढतो. आणि शून्य अंशांच्या खाली कोणतीही लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, वापरली तर चालते.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. यूएन ३८.३ ही वाहतुकीसाठीची चाचणी, आयईसी ६२१३३ ही सेल आणि बॅटरीच्या सुरक्षिततेची, यूएल २७४३ ही पॉवर स्टेशनसारख्या वस्तूंची. सीई ही खूण बहुतांशी उत्पादक स्वतःच लावतो, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

लेड-ॲसिडची इन्व्हर्टर बॅटरी जुनी, जड, पण दुरुस्त करणारा माणूस कुठेही सापडतो, आणि ही गोष्ट लहान नव्हे. तिचा स्वभाव लिथियमच्या नेमका उलटा: तिला कायम भरलेलं ठेवावं लागतं. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते मग सुटत नाहीत. काही तास विसावलेल्या बॅटरीवर मीटर लावा: १२.६-१२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. निम्म्याच्या खाली वारंवार नेऊ नका. त्यामुळे १५० ॲम्पिअर-तासांची, कागदावर १८०० वॅट-तासांची बॅटरी प्रत्यक्षात ९०० चीच समजा. शिवाय तो १५० चा आकडा बहुधा वीस तास सावकाश वापरण्यासाठीचा असतो, भार वाढवला की आणखी घटतो. पाणी डिस्टिल्डच, नळाचं नाही. खोली हवेशीर हवी, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

आणल्या दिवशीच परीक्षा

बिल हातात आहे, परत करायची मुदत आहे, तोवर वस्तू एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवा. पॉवर स्टेशनला ५० वॅटचा ठरावीक भार लावून घड्याळ बघा. ५०० वॅट-तासांच्या स्टेशनने साडेआठ तासांच्या आसपास टिकलं पाहिजे. सहा तासांत मान टाकली तर परत पाठवा. पॉवर बँकेला काही रुपड्यांचा यूएसबी मीटर पुरतो. तो वॅट-तास सरळ आकड्यात दाखवतो. माझी एक बँक या परीक्षेत ७४ पैकी ३१ वर थांबली होती. विकणाऱ्याने 'हळूहळू वाढेल, साहेब' असं सांगितलं. लिथियममध्ये हळूहळू काही वाढत नाही, पैसे परत घेतले.

ठेवायचं कुठे, बघायचं कधी

घरातली सगळ्यांत थंड, कोरडी, पण अंधारात हात पोचेल अशी जागा. फ्रिज नको, काढल्यावर दव धरतं आणि फायदा नगण्य. सेल सुटे करून डब्यात टाकू नका. नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलची दोन्ही टोकं शेजारी असतात. किल्ली किंवा भांडी घासायची तारेची घासणी लागली तरी ठिणगी पडून आग लागते. त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. प्रत्येक पाकिटावर मार्करने घेतल्याची तारीख लिहा.

बटण सेल लहान मुलांच्या हाती कधीच नको. सीआर२०३२ सारखा २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं, बाहेरून काही दिसत नाही. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, लगेच दवाखाना गाठा आणि एक्स-रे मागा.

फुगलेली बॅटरी, मग ती फोनची असो की बँकेची, चार्ज करायची नाही, टोचायची नाही, दाबून बसवायची तर नाहीच. घराबाहेर, जळणार नाही अशा जागी ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. देताना टोकांवर पट्टी लावा. धूर निघू लागला तर तो विषारी असतो. वस्तू वाचवत बसू नका, माणसं बाहेर काढा.

तपासणीला मी तीन वेळा ठरवल्या आहेत. दर तीन महिन्यांनी लिथियमच्या सगळ्या वस्तूंचे टक्के बघायचे. वर्षातून दोनदा पेटी उपसून सेलला मीटर लावायचा. आणि वर्षातून एका संध्याकाळी, कुणाला आधी न सांगता, घराचा मेन स्विच खाली करायचा.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा पॉवर स्टेशन ९० टक्के भरलेलं होतं, सेल कोरे होते, सगळं चोख. फक्त पेटी आतल्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर होती आणि तिथवर जायला टॉर्च लागत होता. तो टॉर्च पेटीत होता. 'अरे, मग मी इथेच बसून राहू का?' असं आई अंधारातून म्हणाली. आता एक टॉर्च दाराशेजारच्या खिळ्याला लटकतो, झाकण सैल करून, आणि त्यावर अंधारात चमकणारी पट्टी चिकटवली आहे.